मुकुट धरणारा

पेरामा, लेस्वोस
९ ऑक्टोबर १९८२

मलाका लाझारे,

शिवीनेच सुरुवात करतो, कारण चार महिने झाले, पत्र नाही. थेस्सालोनिकीतल्या टपालपेट्या चोरीला गेल्या की तुझे हात मोडले? आपल्या खोलीत माझ्या खाटेवर आता कोण लोळतं ते तरी कळव.

माझं विचारशील तर मी प्रोकोपिसमामाकडे होड्या बांधायच्या कामाला लागलोय. फळ्या तासतो, फटीत सूत ठोकतो, वर डांबर फासतो. मामा मला नावाने हाक मारत नाही. "ए विद्वान, रंधा दे." ते एकवेळ चालेल. पण कॉफीखान्यात गेलो की म्हातारे खुर्ची सरकवून देतात. "या केमिस्टसाहेब, बसा. आपण काय घेणार?" या गावात जन्मात कुणी कुणाला 'आपण' म्हटलेलं नाही. मला म्हणतात. सरळ शिवी घातली असती तर मी त्यांच्यात बसून पत्ते खेळलो असतो.

आपल्या वर्गातली गोष्ट इथे पोहोचेपर्यंत मी प्रोफेसरच्या कानफटात मारल्याचं झालंय. मी खोडत नाही. पण तू शेजारच्या बाकावर होतास. दोनशे पोरांसमोर तो मला म्हणाला, "ए, तू रे, कुठल्या बेटावरून पोहत आलास?" मी म्हटलं, "तू रे कुठल्या डोंगरावरून घरंगळलास?" एवढंच. माफीनामा लिही म्हणाले. मी का लिहू? आधी 'रे' त्याने म्हटलं. माणूस आपला असेल तर 'रे' म्हणजे खांद्यावरचा हात. नसेल तर मानेवर ठेवलेली टाच. दोन वर्षांचं केमिस्ट्रीचं शिक्षण गेलं, जाऊ दे.

आता कामाचं. सोळा तारखेच्या बोटीने मिर्सिनी तिकडे येतेय. सुईणीचं शिक्षण घ्यायला. तीच, जिच्याबद्दल मी तुझं डोकं खायचो. तिची आई गावची पावाची भट्टी चालवते, विधवा आहे. सगळे तिला 'किरा इवान्थिया' म्हणतात. बंदरावर तू उभा राहा आणि पेटी उचल. लाजू नकोस, सरळ 'रे' म्हण. आम्ही दोघं लहानपणापासून एकमेकांना 'रे'च म्हणतो, तिला तेच आवडतं.

तिच्यावर लक्ष ठेव. तुझ्याशिवाय तिकडे माझं कोण आहे?

दूकास

•

थेस्सालोनिकी
२ नोव्हेंबर १९८२

मलाका दूका, गाढवा, डांबरतोंड्या,

तुझी मिर्सिनी सुखरूप उतरली. मी सुखरूप आहे असं म्हणवत नाही.

धक्क्यावर मी पुठ्ठ्यावर तिचं नाव लिहून उभा. ती आली. तुझ्या सल्ल्याप्रमाणे मी म्हटलं, "काय रे मिर्सिनी, बोट लागली का?" तिने पेटी खाली ठेवली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आपण दोघांनी बरोबर डुकरं राखली का?"

मी म्हटलं, नाही बुवा.

"मग हा 'रे' कुठून आला?"

मागे हमाल उभा होता, तो खो खो हसला. मी म्हटलं, "माफ करा. आपली पेटी ही एकच का?" तेव्हापासून तिला मी 'तुम्ही' म्हणतो. मी, जो घरमालकिणीलासुद्धा 'कॉम्रेड' म्हणतो. पोरं माझी टर उडवतायत.

पोहोचल्याची खात्री करायला तिच्या आईचं पत्र माझ्या पत्त्यावर आलं. उत्तर पाठवलं, काळजी करू नका म्हणून. वसतिगृहात तिच्या खोलीला खिडकी आहे, पण समोर भिंत आहे. ती म्हणाली, समुद्र दिसला असता तर अभ्यास झाला नसता.

तुझ्या खाटेवर आता आमच्या कोझानीचाच एक शिंपीपुत्र झोपतो. घोरतो. तुझी आठवण येते, आणि हे मी पुन्हा लिहिणार नाही.

लाझारोस

•

पेरामा
१२ डिसेंबर १९८२

मलाका लाझारे,

डुकरांची गोष्ट मी मामाला सांगितली. तो इतका हसला की सूत ठोकायची हातोडी पाण्यात पडली. अशी आहे ती.

तू तिच्या आईला पाठवलेल्या पाकिटावर 'किरिया इवान्थिया' लिहिलंस ना? लेका, तू काय करून ठेवलंस तुला ठाऊक नाही. 'किरिया' म्हणजे डॉक्टरची बायको, वकिलाची बायको. हातापायाला पीठ लागलेली बाई जन्मभर 'किरा'. ते पाकीट तिने भट्टीशेजारच्या भिंतीवर लावलंय, पाव घ्यायला येणाऱ्याला दिसेल असं. मला म्हणाली, "बघ, शिकलेला मुलगा." मीही दोन वर्षं शिकलो होतो, पण ते असो.

आता ऐक, हे थट्टेत घालवू नकोस. मला मिर्सिनीशी लग्न करायचंय. तिला पत्र लिहायला सहा वेळा बसलो. 'प्रिय मिर्सिनी' लिहिलं की ते सरकारी कचेरीतून आल्यासारखं दिसतं. 'माझी मिर्सिनी' लिहिलं की वाटतं मामा खांद्यावरून वाचतोय. आणि 'रे मिर्सिनी' लिहून कुणी लग्नाची मागणी घालतं का?

तू घाल. तुला बोलता येतं, सभेत पाचशे माणसांना गप्प करतोस. तिला सांग की दूकास तुझ्यासाठी जीव टाकतो, वसंतापर्यंत त्याची स्वतःची पहिली होडी पाण्यात उतरेल, तिचं नाव तुझंच असेल. माझ्या वतीने बोल. नाताळच्या आधी.

दूकास

•

थेस्सालोनिकी
२० जानेवारी १९८३

दूका,

नाताळात जमलं नाही. तिच्या परीक्षा होत्या, मग मी आजारी होतो.

ती कधी कधी आमच्या बैठकीला येते. सगळे तिला 'कॉम्रेड' म्हणतात, तिला ते आवडत नाही. म्हणते, "सगळ्यांना एकाच नावाने हाक मारायची तर नावाची गरजच काय?" हुशार आहे.

एक विचारू का? तुमच्यात नेमकं काय झालंय? म्हणजे ती कधी काही बोलली का? मला बोलायचं असेल तर माहीत हवं.

तब्येतीला जप.

लाझारोस

•

पेरामा
१४ फेब्रुवारी १९८३

लाझारे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात एक शिवी नाही. 'तब्येतीला जप' लिहिलंस. हे वाक्य माझी मावशी लिहिते. तुला ताप आहे की तुझा त्या शिंप्याच्या पोराने खून केला आणि तोच तुझ्या नावाने लिहितोय?

काय झालंय विचारतोस. सांगतो, पण कुणाला सांगू नकोस.

गेल्या ऑगस्टमध्ये धक्क्याच्या खडकांवर माझा पाय समुद्री काटेचेंडूवर पडला. एकोणीस काटे टाचेत. मिर्सिनीने मला दगडावर बसवलं, माझा पाय मांडीवर घेतला, ऑलिव्हचं तेल लावलं आणि सुईने एकेक काटा काढत बसली. तासभर. शेवटचा काटा खोल होता, मी ओरडलो. तेव्हा ती म्हणाली, "झालं, माझ्या राजा, झालं." वर बघितलंसुद्धा नाही, सुई तेलात बुडवत म्हणाली.

त्यानंतर ती गप्प बसली. मीही गप्प. खूप वेळ. मग तिची आई हाका मारायला लागली.

बस. तुझ्या तिकडे भाजीवालीसुद्धा गिऱ्हाइकाला 'राजा' म्हणत असेल. इथे नाही. मिर्सिनी तर कुणालाच नाही. माझ्या लेखी आमचा साखरपुडा त्या दगडावर झाला. आता शहाण्यासारखा जा आणि बोल. परीक्षा संपल्यावर ती घरी येणार होती, आली नाही. तू बोललास का? होकार आहे म्हणूनच लाजून आली नाही का?

दूकास

•

थेस्सालोनिकी
१८ मे १९८३

प्रिय दूकास,

इतके दिवस लिहिलं नाही, त्याबद्दल माफ कर.

मी लग्न करतोय. ऑक्टोबरमध्ये. पुढचं वर्ष लीप वर्ष आहे आणि मुलीची आई म्हणते, लीप वर्षात लग्न लावायचं नाही. मी म्हणालो होतो की आता कायदा झालाय, नगरपालिकेत सही करू, दहा मिनिटांचं काम. पण चर्चमध्येच व्हायला हवं आहे, आणि मी मान्य केलं आहे.

मला भाऊ नाही, तुला माहीत आहे. लग्नात नवरानवरीच्या डोक्यावरचे मुकुट तू बदलावेस अशी माझी इच्छा आहे. मुकुट धरणारा, माझा कुंबारोस हो.

मुलीचं नाव आताच विचारू नकोस. तिच्या घरी अजून काही बोलणी व्हायची आहेत. तू 'हो' किंवा 'नाही' एवढंच कळव.

तुझा
लाझारोस

•

पेरामा
१ जून १९८३

कुंबारे,

आता तुला मलाका म्हणायची सोय राहिली नाही. चर्चमध्ये पाद्री ऐकेल.

'हो' की 'नाही' विचारतोस? तुमच्या कोझानीत नाही म्हणण्याची रीत आहे की काय? मुकुट धरायला बोलावलं आणि माणूस गेला नाही, असं आमच्या गावात एकदाच झालं, आणि त्या माणसाच्या नातवंडांना अजून त्यावरून टोमणे बसतात. हो. शंभर वेळा हो. पत्र वाचलं तसा उठलो आणि कॉफीखान्यात जाऊन ओरडून सांगितलं, "मी कुंबारोस होतोय." सगळ्यांना उझो पाजली. म्हातारे उभे राहिले. पहिल्यांदाच कुणी केमिस्टसाहेब म्हणालं नाही. "जियो कुंबारे," म्हणाले. मामानेसुद्धा काल हाक मारली, "कुंबारे, रंधा दे."

नाव लपवतोस कशाला? ती औषधवाल्याची भाची, तुझ्या आईने पसंत केलेली. तूच पहिल्या वर्षी तिचा फोटो दाखवला होतास, डोळे मोठे, नाक त्याहून मोठं. चांगली आहे. मी तिला बहिणीसारखी जपेन. तसंही मुकुट धरला की ती माझी बहीणच, तू भाऊ, तुमची पोरं माझी पोरं. पाद्रीने सांगितलं की कुंबारोसच्या मुलांना त्या घरात लग्न करता येत नाही, रक्ताचं नातं समजतात. भाऊ नव्हता म्हणतोस ना, आता आहे.

एक गंमत. संध्याकाळी पाव आणायला गेलो तर इवान्थियाच्या कानावर गेलेलंच होतं. ती पिठाचे हात पुसून बाहेर आली, माझं डोकं धरलं आणि कपाळाचा मुका घेतला. डोळ्यांत पाणी. "तू मोठ्या मनाचा आहेस पोरा," म्हणाली. "मी तुला ओळखलं नव्हतं." पाव फुकट दिला. बाई मला जावई मानायला लागली असं दिसतं. तुझं लग्न उरकलं की माझ्या बाजूने तू उभा राहायचंस.

मिर्सिनीशी बोललास ना? सगळं लिहितोस, तेवढंच लिहीत नाहीस.

कुंबारोस दूकास

•

थेस्सालोनिकी
१० जून १९८३

दूकास,

मुलगी मिर्सिनी आहे.

हे वाक्य सगळ्यात आधीच्या पत्रात यायला हवं होतं. मे महिन्यात मी तीन पत्रं लिहिली, तिन्हींत नाव होतं, तिन्ही फाडली. चौथं पाठवलं, त्यात नाव नव्हतं. तू नाही म्हणशील याची भीती होती. तुझं पत्र आलं आणि कळलं की तू हो म्हणशील याची जास्त भीती होती.

मी तिच्याशी बोललो होतो. तुझ्या वतीनेच. फेब्रुवारीत तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात. काट्यांचं सगळं वाचून दाखवलं. ती आधी हसली, मग खिडकीकडे तोंड करून बसली. म्हणाली, "आणि हे सांगायला त्याने तुम्हाला पाठवलं?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग त्याला सांगा, निरोप पोहोचला." उत्तर दिलं नाही. मी तुला कळवायला हवं होतं. कळवलं नाही, कारण त्या दिवसानंतर मी तुझ्यासाठी जात नव्हतो.

पाच महिने मी तिला 'तुम्ही' म्हटलं होतं. एके दिवशी बसच्या... नाही, हे मी तुला सांगायला नको.

तुला कुंबारोस करावं ही तिच्या आईची कल्पना. ईस्टरला मी पेरामाला येऊन गेलो, तू मामाबरोबर मितिलिनीला लाकूड आणायला गेला होतास. आई म्हणाली, गावाला दूकासचं मन माहीत आहे. त्याच्याच हातून मुकुट चढले तर कुणाची जीभ वळवळणार नाही. मला ते पटलं. सोयीचं होतं म्हणून पटलं. आता नाव न सांगता तुझ्याकडून शब्द घेतला, आणि तू तो गावभर सांगून आलास.

शिवी दे. जितक्या येतात तितक्या दे.

लाझारोस

•

पेरामा
१६ जून १९८३

मिर्सिनी,

त्याला मी उत्तर देणार नाही. तुला लिहितोय.

त्याला मी तुझी पेटी उचलायला पाठवला होता. पेटी कुठवर उचलायची ते त्याला कळलं नाही, पण तुला कळत नव्हतं? माझ्या पत्रातला तो दगड, ते तेल, त्याने तुला वाचून दाखवलं आणि तू ऐकून घेतलंस. मग त्याच तोंडाने त्याने तुला मागणी घातली आणि तीही ऐकून घेतलीस. तुझ्या आईने माझं कपाळ चुंबलं. बकऱ्याला आधी पाणी पाजतात तसं.

इथे मी कॉफीखान्यात जात नाही. कुणी टोमणा मारत नाही म्हणून जात नाही. सगळे हळू बोलतात. काल मामाने मला नावाने हाक मारली. "दूका, बेटा, आज काम राहू दे." आठ महिन्यांत पहिल्यांदा. मी रंधा भिंतीवर फेकला.

मला एकच सांग. त्या दिवशी तू 'माझ्या राजा' म्हणालीस ते काय होतं?

दूकास

•

थेस्सालोनिकी
२७ जून १९८३

दूका,

खरं होतं.

प्रसूतिघरात मी दिवसाला दहा बायकांना 'माझी राणी' म्हणते, कळा सोसायला बरं पडतं म्हणून. तुला म्हटलं ते तसं नव्हतं. तोंडातून गेलं आणि माझे कान तापले. मी सुई तेलात बुडवत राहिले, कारण वर बघायचा धीर नव्हता. आणि मी थांबले. तुला आठवतंय ना आपण खूप वेळ गप्प बसलो ते? तुझ्या पत्रात ते आहे. पण त्या गप्प बसण्याआधी तू काय म्हणालास ते पत्रात नाही. मी सांगते. तू म्हणालास, "हळू काढ ना रे, गाढवा."

मी चौदा वर्षांची होते तेव्हा 'रे' मला आवडायचा. पोरांच्यात घेतल्यासारखं वाटायचं. एकविसाव्या वर्षी माणसाला वाटतं, एकदा तरी कुणीतरी आपल्याला वेगळ्या आवाजात हाक मारावी. तो ऑगस्ट संपेपर्यंत मी रोज संध्याकाळी धक्क्यावर येत होते. तू यायचास, म्हणायचास, "काय रे, पोहायला येतोस का?" मी पोहायला यायचे. बोटीत बसायच्या दिवशीसुद्धा मी वाट पाहिली. तू पेटी वर चढवलीस आणि पाठीत धपका घातलास. "जा रे, शिकून ये."

मग इथे एक माणूस भेटला, ज्याने मला एकदा चुकून 'रे' म्हटलं, माफी मागितली, आणि पुढचे पाच महिने 'तुम्ही'पासून 'तू'पर्यंत एकेक पायरी चढत आला. प्रत्येक पायरीवर विचारून. तो तुझा निरोप घेऊन आला तेव्हा मला राग त्याचा आला नाही. तुझा आला. प्रोफेसरला उत्तर द्यायला तुला मध्यस्थ लागला नव्हता. भांडायचं असलं की तुझं तोंड तुझं असतं. प्रेम करायचं तर दुसऱ्याचं.

लाझारोसने तुझ्याशी जे केलं ते वाईट केलं. मी त्याला सांगितलंय आणि लग्नानंतरही सांगत राहीन. माझ्या आईनेही वाईट केलं. पण हे तिसरं वाईट मी होऊ देणार नाही. तू मुकुट धरायला येऊ नकोस. मी सांगेन, होडीवरून पडलास, हात मोडला. गावाला पटेल. कोझानीहून लाझारोसचा मामेभाऊ येईल.

ये म्हणण्याइतकी मी निर्दय नाही.

मिर्सिनी

•

पेरामा
४ सप्टेंबर १९८३

मिर्सिनी,

दोन महिने विचार केला. माझ्या दृष्टीने पुष्कळ झाला.

माझा हात मोडलेला नाही आणि मोडणार नाही. मी येईन. तुमच्यावर उपकार म्हणून नाही. आलो नाही तर गाव जन्मभर म्हणेल, बिचारा दूकास. मला केमिस्टसाहेब चालेल, बिचारा चालणार नाही.

दुसरं कारण. मी पाद्रीकडे गेलो होतो. विचारलं, मुकुट धरला की ती बाई माझी कोण? तो म्हणाला, बहीण. विचारलं, तिचा नवरा उद्या मेला तर? त्याने हातातली मेणबत्ती विझवली. मग म्हणाला, तरीही बहीण. विचारलं, आणि मनात? म्हणाला, मनात आलं तरी कबुलीला यायचं, आणि मी तुला वर्षभर प्रसाद देणार नाही. हे मला पाहिजे. तू तिकडे आहेस, मी इकडे, मध्ये समुद्र आहे, पण समुद्र बोटीने ओलांडता येतो. मला भिंत पाहिजे. तुझ्या आईने ती शोधली, चांगली शोधली.

पांढरा शर्ट मामाचा घालीन. मुकुट मीच आणायचे असतात, मितिलिनीहून आणतो. लाझारोसला सांग, माझ्याशी बोलायचा प्रयत्न करू नको. लोकांसमोर 'कुंबारे' म्हणेन, त्याने 'कुंबारे' म्हणावं. बास.

दूकास

•

कोझानी
१७ नोव्हेंबर १९८३

दूका,

हे पत्र लाझारोसला ठाऊक नाही. आमच्या घरात न सांगता लिहिलेलं हे पहिलं आणि शेवटचं पत्र.

तू सगळं रीतीप्रमाणे केलंस. आई अजून लिहिते, असा कुंबारोस गावाने पाहिला नाही. आमच्या मागे ताठ उभा राहिलास. टेबलाभोवती तीन फेऱ्या घालताना माझा पाय झग्यात अडकला तर तू दोन्ही मुकुटांना जोडणारी फीत सैल सोडलीस, म्हणून मुकुट जागेवर राहिले. नंतर तू लाझारोसच्या गालाला गाल लावलास आणि म्हणालास, "सुखी राहा, कुंबारे." त्याने परतीच्या बोटीवर सबंध रात्र काही खाल्लं नाही. तो तुझ्याकडून एका शिवीची वाट बघत होता. तू दिली नाहीस. ती शिक्षा त्याला पुरेशी आहे, हे तुला सांगते.

पण मुकुट बदलताना. पहिल्यांदा तू त्याच्या डोक्यावरून माझ्यावर आणि माझ्यावरून त्याच्यावर नेलेस. दुसऱ्यांदा नेलेस. तिसऱ्यांदा माझ्या डोक्यावर ठेवताना तुझं तोंड माझ्या कानापाशी आलं आणि तू म्हणालास, "मिर्सिनाकी माझी."

मला जन्मात कुणी नावाचं असं लाडकं रूप करून म्हटलेलं नाही. आईनेही नाही. लाझारोस म्हणतो ते वेगळं. मी मान वळवू शकत नव्हते. वळवली असती तर मुकुट पडला असता, आणि सगळं गाव बघत होतं.

लाझारोसने विचारलं, तो काय म्हणाला? मी म्हटलं, सुखी राहा म्हणाला.

मी त्या दगडावर होते तेव्हा म्हणाला असतास, बोटीवर म्हणाला असतास, पत्रातल्या पहिल्या ओळीत लिहिलं असतंस. तू जागा निवडलीस ती अशी, की जिथे मला उत्तर देता येणार नाही. हे प्रेम होतं की सूड, मला ठरवता येत नाही. मी रोज ठरवायचा प्रयत्न करते. म्हणून पुन्हा कधी तसं म्हणू नकोस. पुढचं पत्र मानलेल्या बहिणीला लिहितात तसं 'कुंबारा' म्हणून सुरू कर. आणि हे जाळून टाक.

मिर्सिनी

•

पेरामा
२ डिसेंबर १९८३

कुंबारा,

तुमचं पत्र पोहोचलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे जाळलं आहे.

इकडे ऑलिव्ह झाडायला सुरुवात झाली. पीक बरं आहे. तुमच्या आईंचा गुडघा दुखतो, पण भट्टी बंद नाही. मी आठवड्यातून दोनदा त्यांची लाकडं फोडून देतो. कुंबारोसचं ते काम आहे.

तुम्ही लिहिलेल्या गोष्टीबद्दल. तुमच्या ऐकण्यात काही चूक झाली असावी. चर्च भरलेलं होतं, बायका रडत होत्या, कुणीतरी मुठीने तांदूळ मारत होतं. मी काही बोललो नाही. कुंबारोसने मुकुट बदलताना बोलायचं नसतं, पाद्रींनी आदल्या दिवशीच बजावलं होतं. लाझारोसना तुम्ही जे सांगितलंत तेच खरं धरावं.

त्या नावाने मी कधी कुणाला हाक मारलेली नाही. मी फक्त 'रे' म्हणायचो, हे जूनमधल्या पत्रात तुम्हीच लिहिलं होतंत.

लाझारोसना नमस्कार सांगावा.

आपला कुंबारोस
दूकास